‘किल्ली कुणाची?’ असं विचारणारा माणूस

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. मागच्या महिन्यात रात्री उशिरा त्याचा फोन आला. भाड्याच्या घरात त्याच्यासोबत आणखी एक मुलगा राहायला येणार होता आणि त्याच्यासाठी दुसरी किल्ली हवी होती. जवळच्या मोठ्या दुकानात एक यंत्र आहे. खाचेत किल्ली घालायची, कार्डाने पैसे भरायचे, दोन-चार मिनिटांत नवी किल्ली खाली पडते. कुणाशी बोलावं लागत नाही. दुसरा मार्ग लॉकस्मिथचा. तो जास्त पैसे घेणार, त्याच्या वेळेला जायचं, वर तो चार प्रश्न विचारणार. “मामू, नाना तर आयुष्यभर किल्ल्याच बनवायचे ना? मग सांगा, काय करू?”

प्रश्न साधा होता. पण मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. ‘उद्या सांगतो’ म्हणालो आणि अब्बांची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढली.

अब्बांची बैठक तालुक्याच्या गावात, एस.टी. स्टँडकडून पेठेत शिरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी होती. दुकान म्हणावं असं काही नव्हतं. लाकडी पेटी, तिच्या कडेला बसवलेला छोटा शिकंजा, चार कानशी, एक हातोडी आणि तारेच्या मोठ्या कड्यात ओवलेल्या दोन-तीनशे कोऱ्या किल्ल्या. वर काळी छत्री. गिऱ्हाईक आलं की किल्ली हातात घेण्याआधी ते विचारायचे, “किल्ली कुणाची?” उत्तर देताना माणूस कुठे बघतो, हे ते पाहत. साबणाच्या वडीवर किंवा मेणावर कुणी ठसा उमटवून आणला, तर काम घेत नसत. “किल्ली आणा, नाहीतर कुलूप आणा,” एवढंच म्हणायचे.

किल्ली हरवलेली असेल तर खरी कारागिरी दिसायची. कोरी किल्ली चिमणीच्या ज्योतीवर धरून तिच्यावर काजळी चढवायची. कुलपात घालून हलकेच पिळायची आणि काढून उजेडात बघायची. आतले भाग जिथे अडले असतील तिथली काजळी पुसलेली दिसते. नेमकी तिथेच कानस चालवायची. पुन्हा काजळी, पुन्हा पीळ. पंधरा-वीस वेळा हे झालं की कुलूप ‘खट्’ करून उघडायचं आणि भोवती जमलेली पोरं हसायची. हेच हुन्नर चोराच्या हाती गेलं तर काय होईल, हे त्या पोरांनाही कळत असावं. म्हणून किल्लीवाल्याबद्दल लोकांच्या मनात कौतुक असतं, तसा थोडा संशयही असतो.

हा संशय जुना आहे, तशी या धंद्याची प्रतिष्ठाही जुनी आहे. आपल्या मराठीतलं ‘कुलूप’ हे अरबी ‘कुफ्ल’चं रूप, अक्षरांची अदलाबदल होऊन आलेलं. ‘चावी’ पोर्तुगीजांबरोबर आली, त्यांच्या ‘चावे’वरून. कुलूप अरबांचं आणि चावी फिरंग्यांची, तरी दोन्ही एकमेकांना नीट बसली! या ‘कुफ्ल’वरूनच अरबीत कुलूप बनवणाऱ्याला ‘कफ्फाल’ म्हणतात. इस्लामी कायद्याच्या इतिहासात हे नाव मोठ्या आदराने घेतलं जातं. शाफई पंथाचे थोर फकीह अब्दुल्लाह बिन अहमद अल-कफ्फाल हे मर्वचे, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानातले. वयाच्या तिशीपर्यंत ते कुलपं बनवत. किल्लीसकट अवघ्या काही दाण्यांच्या वजनाचं कुलूप त्यांनी घडवलं होतं, असं चरित्रकार सांगतात. मग त्यांनी कानस खाली ठेवली आणि फिकहचा अभ्यास सुरू केला. हिजरी ४१७ मध्ये, म्हणजे इ.स. १०२६ मध्ये ते वारले, तेव्हा खुरासानातले नामवंत विद्वान त्यांचे शिष्य होते. पण नाव शेवटपर्यंत ‘कुलूपवाला’ हेच राहिलं. ते बदलून घ्यावं असं त्यांना वाटलं नाही. आपल्याकडे मात्र कारागिराचा मुलगा शिकला की आधी आडनाव बदलायच्या मागे लागतो. असो.

किल्ली आणि विश्वास यांचं नातं समजून घ्यायचं, तर मक्केला जावं लागतं. हिजरी ८ मध्ये, इ.स. ६३० मध्ये पैगंबर (स.) मक्केत विजेते म्हणून शिरले. काबाची किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्या घराण्याकडे होती. ती मागवून घेण्यात आली, दार उघडलं गेलं. आता शहरच ताब्यात आलं होतं; किल्ली कुणालाही देता आली असती. पैगंबरांच्या अगदी जवळच्या नातलगांनी ती आपल्याकडे असावी अशी इच्छाही व्यक्त केली. काही रिवायतींत हे नाव हजरत अब्बास यांचं येतं, काहींत हजरत अली यांचं. पण पैगंबरांनी उस्मान यांना बोलावलं आणि किल्ली त्यांच्या हाती परत दिली. ती यापुढे याच घराण्याकडे राहील आणि जुलमी माणसाशिवाय कुणी ती हिरावून घेणार नाही, अशा अर्थाचे उद्गार परंपरेने जपले आहेत. ज्याची अमानत त्याला पोचती करा, हा आदेश सूरह निसाच्या ५८व्या आयतीत आहे. बऱ्याच मुफस्सिरांनी या आयतीचा संबंध याच प्रसंगाशी जोडला आहे.

उस्मान यांच्यानंतर किल्ली त्यांचे चुलतभाऊ शैबा यांच्याकडे गेली आणि ‘बनू शैबा’ हे घराणं आजही किल्लीदार आहे. मधल्या चौदाशे वर्षांत अब्बासी गेले, ममलूक गेले, उस्मानी गेले. खलिफांनी आणि सुलतानांनी काबासाठी नवनवी कुलपं पाठवली, त्यांवर आपली नावं कोरून घेतली. त्यांतल्या कित्येक किल्ल्या आज इस्तंबूलच्या तोपकापी महालात आहेत. अगदी अलीकडे, २०१३ मध्येही कुलूप-किल्ली बदलली. म्हणजे इथे मूळ धातू टिकलेला नाही, राज्यकर्तेही टिकले नाहीत. टिकली ती किल्ली कुणाच्या हातात असावी याची व्यवस्था.

याच्या उलट टोकाची गोष्ट लंडनची आहे. २००८ मध्ये सदबीजच्या लिलावात काबाची बाराव्या शतकातली म्हणून एक लोखंडी किल्ली ९२ लाख पौंडांना विकली गेली. पुढे तिच्या अस्सलपणाबद्दल शंका निघाल्या आणि तो व्यवहार रद्द झाला. चांगली बनवलेली किल्ली तज्ज्ञांनाही चकवते, मग साध्या कुलपाची काय कथा!

युरोपातला आधुनिक कुलपांचा इतिहास तर जवळजवळ खोट्या किल्ल्यांच्या भीतीचाच इतिहास आहे. १८१७ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत खोट्या किल्ल्या वापरून चोरी झाली. सरकारने बक्षीस लावलं : जे फक्त स्वतःच्याच किल्लीने उघडेल असं कुलूप करून दाखवा. जेरेमाया चब याने १८१८ मध्ये ते केलं. भलती किल्ली घातली की हे कुलूप आतून अडकायचं आणि मालकाने आपली किल्ली घातली की त्याला समजायचं, कुणीतरी हात लावून गेलं आहे. कुलूप चुगली करायला शिकलं ते इथे. ते उघडून दाखवायला तुरुंगातल्या एका कैद्याला, जो धंद्याने कुलूपवाला होता, माफीचं आमिष दाखवण्यात आलं आणि त्यालाही ते जमलं नाही, अशी गोष्ट सांगतात. पुढे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चबचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. नंतर ब्रामाचं ‘अजिंक्य’ कुलूपही १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडलं आणि इंग्रजांची झोप उडवली.

पण खऱ्या चोरांना एवढी मेहनत करायची गरज नव्हती. १८५५ च्या मे महिन्यात लंडनहून पॅरिसला निघालेलं सुमारे बारा हजार पौंडांचं सोनं धावत्या रेल्वेत चोरीला गेलं. तिजोऱ्या चबच्या होत्या, आणि एकही फोडलेली नव्हती. रेल्वेचाच एक कारकून चोरांना सामील होता. किल्ल्या घटकाभर हाती लागल्या, मेणावर ठसे घेतले, घरी बसून नकला घडवल्या. सोन्याच्या जागी शिशाचे छर्रे भरून तिजोऱ्या पुन्हा नीट बंद केल्या. अब्बांना ही गोष्ट ठाऊक असण्याचा संभवच नाही, तरी मेणाचा ठसा ते परत पाठवत.

त्यानंतर आला लायनस येल. १८६० च्या दशकात त्याने घेतलेल्या पेटंटमधून आजची छोटी, चपटी, दातेरी किल्ली जन्माला आली. अमेरिकेतल्या घराघरांत आज तिचीच भावंडं आहेत. त्या किल्लीचं मर्म असं की तिचे दात मनाला येतील तसे कापलेले नसतात. ठरावीक जागी, ठरावीक पायऱ्यांच्या खोलीचे खाचे असतात. म्हणजे किल्ली हा मुळात एक आकडा असतो. पाच-सहा अंकांचा. ती मापाची झाली म्हणून ती यंत्रावर कापता येऊ लागली. आणि ती आकडा आहे, म्हणून तिला हातही न लावता चोरता येऊ लागली. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी जवळजवळ दोनशे फुटांवरच्या छपरावरून टेबलावरच्या किल्ल्यांचं छायाचित्र काढलं आणि त्यावरून त्यांचे आकडे वाचून दाखवले. २०१४ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्राने विमानतळावर बॅगा उघडायच्या सरकारी ‘मास्टर’ किल्ल्यांचा फोटो छापला. पुढच्या वर्षी लोक त्या किल्ल्या घरच्या थ्रीडी प्रिंटरवर छापत होते.

माझ्या भाच्याच्या दुकानातलं यंत्र याच ओळीत पुढचं. कॅमेरा किल्ली बघतो, आकडा ओळखतो, आतली कानस कोऱ्या किल्लीवर तो आकडा कोरते. काही कंपन्या तर तो आकडा साठवूनही ठेवतात, म्हणजे किल्ली हरवली तरी कुठल्याही शहरात नवी काढता येते. सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१४ मध्येच तिथल्या एका पत्रकाराने आपल्या शेजाऱ्याच्या किल्लीची, त्याला सांगून, अशा यंत्रातून नक्कल काढली आणि थोड्याच वेळात त्याच्या घराचं दार उघडून आत गेला. यंत्राने त्याला काहीही विचारलं नाही. त्याच्याकडे नोंद राहते, कार्डाची, ई-मेलची. पण ती चोरी झाल्यावर उपयोगी पडते. अब्बांचा प्रश्न आधी यायचा.

कारागिरीच्या अंगानेही फरक आहे. अब्बा नकलेवरून नक्कल करायला नाखूश असत. “अस्सल आणा,” म्हणत. वर्षानुवर्षं वापरलेल्या किल्लीचे दात झिजलेले असतात. साधं यंत्र त्या झिजेचीही इमाने-इतबारे नक्कल करतं, आणि त्या नकलेची नक्कल केली की चूक केसाएवढी वाढते. मग किल्ली अडकते, आपण शिव्या कुलपाला देतो. जाणकार लॉकस्मिथ मात्र झिजलेली किल्ली वाचून मूळ आकडा कोणता असेल हे ओळखतो आणि त्या आकड्याने कोरी किल्ली कापतो. हदीसच्या आणि हस्तलिखितांच्या परंपरेत याच कामाला ‘मुकाबला’ म्हणत. नक्कल पुरी झाली की ती मूळ प्रतीशी शब्दन् शब्द ताडून बघायची, त्याशिवाय त्या प्रतीवर भरवसा ठेवायचा नाही. कातिबाला आणि किल्लीवाल्याला एकच भीती असते. आपली चूक पुढच्याच्या माथी जाईल, ही.

आपल्या देशात या धंद्याची वाट वेगळी गेली. अलिगढमध्ये १८७० च्या सुमारास जॉन्सन अँड कंपनी इंग्लंडहून कुलपं आणून विकत असे, नंतर तिने तिथेच ती बनवायला घेतली. तिथून ते काम शहरातल्या गल्लीबोळांत पसरलं. त्यात मुस्लिम कारागिरांचा वाटा फार मोठा. कुणी फक्त कडी घडवतो, कुणी फक्त किल्ली, कुणी घासून पॉलिश करतो. मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला. आधी ते शस्त्रक्रियेची अवजारं बनवत होते. त्यांच्यावर ‘हिंदुस्थानात बनवलेलं’ असा शिक्का मारायचा त्यांचा आग्रह गिऱ्हाइकाला मान्य झाला नाही आणि तो धंदा बुडाला. मग शहरातल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून ते कुलपांकडे वळले. त्यांच्या एका कुलपाला दोन वेगळ्या किल्ल्या होत्या. पहिलीने ते रोज उघडायचं. पहिलीची नक्कल झाल्याचा संशय आला की मालकाने दुसरी फिरवायची, आतली रचना बदलायची आणि पहिली कायमची निकामी व्हायची. नक्कल थांबवता येत नाही, हे त्या पारशी माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आता अब्बांच्या पेटीकडे येतो.

मी सातवीत असताना गावातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी चोरी झाली. कुलूप फुटलं नव्हतं, कडी उचकटली नव्हती. म्हणजे किल्लीवाल्याचं काम, असा निष्कर्ष निघाला. गावात किल्ल्या बनवणारे तिघे होते आणि तिघेही आमच्याच मोहल्ल्यातले. तिघांनाही चौकीवर नेलं. अब्बा दोन रात्री घरी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांचा उजवा हात सुजलेला होता आणि अम्मी हळदीचा लेप लावताना एक शब्द बोलत नव्हती. आठवड्याभराने उघड झालं की चोरी त्या घरातल्याच माणसाने केली होती, मूळ किल्लीने. नक्कल झालीच नव्हती. कुणी माफी मागायला आलं नाही. तीन महिन्यांनी त्याच व्यापाऱ्याच्या गड्याने दुकानाच्या नव्या कुलपाची किल्ली आणली, जादाच्या दोन बनवायला. अब्बांनी विचारलं, “किल्ली कुणाची?” आणि बनवून दिल्या.

त्यानंतर त्यांनी वही घातली. तारीख, नाव, कुठल्या कुलपाची, किती नगा, पुढे सही किंवा अंगठा. अशा अकरा वह्या पेटीत आहेत. त्या रात्री मी त्या चाळत बसलो. भाच्याला अभिमानाने सांगणार होतो की बघ, तुझे नाना त्या यंत्राच्या किती आधी नोंद ठेवत होते, आणि तीही माणसाचा चेहरा बघून. तेवढ्यात पाचव्या वहीत एक ओळ दिसली. नावाची जागा कोरी. ‘बाई. घराची किल्ली. परत पाठवली.’

अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे, पण तिला आठवलं. ती बाई खालच्या आळीची. नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा. एके दिवशी कशी कोण जाणे, किल्ली तिच्या हाती लागली आणि ती धावत अब्बांकडे आली. अब्बांनी नेहमीसारखं विचारलं, “किल्ली कुणाची?” ती म्हणाली, माझ्याच घराची. अब्बा म्हणाले, मालकांना पाठवा. ती गेली. पुन्हा आली नाही. “त्यांनी नंतर दोनदा तिची चौकशी केली होती,” अम्मी म्हणाली. “मला म्हणाले, मी चुकीच्या माणसाला किल्लीचा मालक धरलं.”

दुकानातल्या त्या यंत्राने तिला दोन मिनिटांत किल्ली दिली असती.

हे वाचल्यावर भाच्याला सांगायचं माझं उत्तर बदललं. विचारणारा माणूस चांगला, हे मी अजूनही मानतो. पण तो कुणाला विचारतो आणि कुणाचा शब्द खरा धरतो, यात त्याच्या गावाचे सगळे पूर्वग्रह येतात. यंत्राला पूर्वग्रह नाहीत. त्याला चोरही सारखा आणि ती बाईही सारखी. म्हणून मी त्याला म्हणालो, यंत्र की लॉकस्मिथ हा प्रश्न नंतरचा. घर तुझं नाही, भाड्याचं आहे. किल्ली तुझ्याकडे अमानत आहे. आधी घरमालकाला विचार. तो हो म्हणाला तर त्याच्याकडची अस्सल किल्ली माग, तुझ्या जवळची झिजलेली नको. साधी किल्ली असेल आणि घाई असेल तर यंत्रावर काढ, कुलपात चार वेळा फिरवून बघ. किल्ली जुनी, अवघड किंवा गाडीची असेल तर परवाना असलेल्या लॉकस्मिथकडे जा. न्यू जर्सीत त्यांना परवाना लागतो. फोनवर फार स्वस्त भाव सांगणाऱ्याला दारात बोलावू नकोस, तो आल्यावर कुलूप भोसकून दसपट बिल करेल.

चार दिवसांनी त्याचा निरोप आला. घरमालकाने होकार दिला, स्वतःची किल्लीही दिली. यंत्राने ती किल्ली बघितली आणि नाकारली. ती पेटंटच्या खाचेची निघाली, तिच्या कोऱ्या किल्ल्या कंपनी फक्त ठरावीक लॉकस्मिथांनाच देते. मग तो लॉकस्मिथकडे गेला. म्हाताऱ्याने किल्ली हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिला प्रश्न विचारला, ही कुणाची? घरमालकाचं सहीचं पत्र असल्याशिवाय तो किल्ली करणार नाही. पत्र सोमवारी मिळेल.

“तोपर्यंत माझा रूममेट,” भाच्याने लिहिलं होतं, “रोज संध्याकाळी जिन्यात बसून माझी वाट बघतो.”